बाळ दूध टाकतंय, पण अंगी लागतंय ना?

प्रश्न : डॉक्टर ताई, नमस्कार. माझा मुलगा दहा आठवड्यांचा आहे, फक्त अंगावरचं दूध पितो. जन्मला तेव्हा २ किलो ८०० होता, परवा लसीला नेला तेव्हा ४ किलो ६०० भरला. पण पाजलं की दहा मिनिटांत दूध टाकतोच, कधी पातळ, कधी दह्यासारखं फाटलेलं, एकदा तर नाकातून आलं आणि मी घाबरून रडायलाच लागले. दिवसाला आठ-दहा दुपटी धुते. संध्याकाळी तासन् तास रडतो, अंग मागे ताणतो. सासूबाई म्हणतात तुझं दूध त्याला बाधतंय, आई म्हणते दृष्ट काढ, शेजारच्या काकू म्हणतात वरचं दूध सुरू कर. मी नेटवर अॅसिड रिफ्लक्स, म्हणजे जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत येणं, याबद्दल वाचलं तेव्हापासून झोप उडालीये. तिखट, आंबट, डाळी सगळं सोडलंय, तूप-भातावर आहे. गुटी सुरू करू का? – एक आई, कराड

उत्तर : अगं, तुझ्या पत्रातच अर्धं उत्तर आहे. ७० दिवसांत १ किलो ८०० ग्रॅम वाढला म्हणजे रोजचे साधारण २५ ग्रॅम झाले, आणि पहिल्या तीन महिन्यांत रोज २० ते ३० ग्रॅम वाढलं की आम्ही डॉक्टर खूश असतो. त्याला पुरतं तेवढं दूध पोटात राहतंय आणि अंगी लागतंय. दुपटी किती भिजली हे मोजू नकोस, वजन बघ आणि दिवसाला सहा तरी लंगोट ओले होतात का ते बघ.

एक करून बघ, म्हणजे जीव थोडा खाली पडेल. दोन चहाचे चमचे दूध घे, म्हणजे १० मिली, आणि कोरड्या दुपट्यावर ओत. डाग केवढा पसरतो बघ, वाटतं सगळं पाजलेलं बाहेर आलं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घाबरलेल्या आईला मी हे करायला सांगते.

होतं काय, की अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथली झडप या वयात मधेमधे आपोआप सैल पडते, त्यात आहार सगळा पातळ आणि बाळ दिवसभर आडवं, मग दूध वर येणारच. तीन महिन्यांच्या आतली जवळपास निम्मी बाळं दिवसातून एकदा तरी गुळणी काढतात. चौथ्या महिन्याच्या आसपास हे सगळ्यात जास्त असतं, म्हणजे तुझ्याकडे अजून थोडं वाढू शकतं, तेव्हा दचकू नकोस. बसायला लागलं, वरचं खायला लागलं की कमी होत जातं आणि वर्ष-सव्वा वर्षात बहुतेकांचं थांबतं. दूध फाटलेलं दिसतं कारण जठरात ते फाटायलाच हवं, ते पचनच आहे. सासूबाईंना हे नीट समजावून सांग, तुझ्या दुधात काही खोट नाही. वरचं दूध अजिबात सुरू करू नकोस.

रडण्याचं म्हणशील तर बाळांचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमाराला कळसाला जातं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत उतरतं, ज्यांना दूध टाकायची अजिबात सवय नाही ती बाळंही संध्याकाळी अशीच रडतात. म्हणून रडतंय म्हणजे अॅसिडच आहे असं धरून चालू नकोस.

आता करायचं काय, तर पाजताना डोकं पोटापेक्षा वर ठेव, एक बाजू पिऊन झाली की थांबून ढेकर काढ, आणि पाजून झाल्यावर २०-३० मिनिटं खांद्यावर उभा धर, न हलवता, न उडवता. रात्री हे काम तू करायचं नाहीस, पाजून झालं की बाळ नवऱ्याच्या किंवा सासूबाईंच्या खांद्यावर द्यायचं आणि तू आडवी व्हायचंस, हे मी अगदी मनापासून सांगतेय. लंगोट पोटावर आवळून बांधू नका. मालीश-अंघोळ आधी आणि दूध नंतर. बऱ्याच घरी उलटं होतं, भरल्या पोटी बाळ मावशींच्या पायांवर पालथं जातं, पोट चोळलं जातं, काही जणी तर पाय धरून उलटं करतात, ते ताबडतोब बंद. धुरीही नको, धूर बाळाच्या श्वासात जातो.

गुटी नको. सहाणेवर किती वेढे उगाळले यावर डोस ठरतो आणि तो रोज बदलतो, वेखंड मुळातच उलटी आणणारं आहे, जायफळ जास्त झालं तर बाळ सुस्त पडतं, आणि चाटवायला मध वापरत असतील तर तो वर्षाच्या आत विषबाधेच्या धोक्यामुळे पूर्ण वर्ज्य आहे. आणि तू वरण, भाजी, कोशिंबीर, सगळं जेव गं, तूप-भातावर राहून तुझीच तब्येत ढासळेल. बाळाच्या शीमध्ये रक्ताची रेघ दिसली, अंगावर खूप चट्टे आले किंवा वजन अडलं तरच गाईच्या दुधातल्या प्रथिनाची अॅलर्जी आहे का ते बघतात, त्यासाठी डॉक्टर तुला २ ते ४ आठवडे दूध-दही-पनीर बंद करायला सांगतील.

काही गोष्टींना मात्र थांबायचं नाही. उलटी हिरवी आली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं, आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. जोरात फवाऱ्यासारखी उलटी, लगेच पुन्हा भूक आणि वजन घटतंय, तर जठराचं तोंड अरुंद झालंय का ते सोनोग्राफीत बघावं लागतं, हे जास्त करून ३ ते ६ आठवड्यांच्या बाळात दिसतं आणि छोट्या ऑपरेशनने बरं होतं. उलटीत रक्त, ताप, टाळू फुगलेली, बाळ पीतच नाही, लघवी कमी, श्वास अडकतोय किंवा निळं पडतंय, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखव.

आणि हो, तुला रोजच रडू येत असेल, दोन आठवडे झाले तरी मन उतरलेलंच असेल, तर तेही डॉक्टरांना सांग.

प्रश्न : मुलगी चार महिन्यांची, ६ किलो, पावडरचं दूध घेते. दर तीन तासांनी १८० मिली, दिवसाला आठ वेळा. खूप ओकते. सहा आठवडे डोमपेरिडोन हे उलटीचं औषध आणि अॅसिड कमी करायचे ड्रॉप्स चालू आहेत, काही फरक नाही. दुधात रवा घालून घट्ट करू का? – एक बाबा, पुणे

उत्तर : आधी गुणाकार करा. १८० गुणिले ८ म्हणजे १४४० मिली. या वयात किलोमागे साधारण १५० मिली लागतं, म्हणजे तिला दिवसाला ९०० च्या आसपास पुरेल. पोटात मावत नाही ते बाहेर येतंय. बाटली संपवायचा आग्रह सोडा, तिने तोंड फिरवलं की बास, आणि रडली की दर वेळी भूकच असते असं नाही. पावडर-पाण्याचं माप डब्यावर आहे तसंच ठेवा.

अॅसिडचं औषध अॅसिड कमी करतं, दूध वर येणं थांबवत नाही, म्हणून फरक दिसला नाही. ते अन्ननलिकेला खरंच जखम झाली असेल तर द्यायचं असतं, उगाच दिलं तर छातीचं आणि पोटाचं इन्फेक्शन व्हायची शक्यता वाढते. डोमपेरिडोनने हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि लहान बाळांत फायदा फारसा दिसलेला नाही. पण आपल्या मनाने बंद करू नका, हा दुधाचा हिशोब घेऊन डॉक्टरांकडे जा आणि औषध का चालू आहे, कधी थांबवायचं हे स्पष्ट विचारा. घरात रॅनिटिडीन या अॅसिड कमी करणाऱ्या औषधाची जुनी बाटली पडली असेल तर ती वापरू नका, त्यात अशुद्धी सापडल्यावर अमेरिकेत ते औषध २०२० मध्ये बाजारातून काढायला लावलं. रवा, बिस्किटाची पूड काहीच घालू नका.

प्रश्न : नात पाठीवर झोपली की ठसका लागेल अशी भीती वाटते. पालथी झोपवू का, की उशी देऊ? – एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, तुमची भीती मला समजते, पण पाठीवरच झोपवा, सपाट गादीवर. पाठीवर असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळे आलेलं दूध खालीच परत जातं. पालथं केलं की श्वासनलिका खाली येते, शिवाय झोपेत अचानक दगावण्याचा धोका वाढतो. मोहरीची उशी काढून ठेवा, आणि झोळीत रात्रभर नको, तिथे हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. जागी असताना, तुम्ही समोर बसलेल्या असताना, पोट थोडं रिकामं झालं की खुशाल पालथी टाका, मान धरायला तेवढीच मदत होते.