हार्त्सच्या डोंगरात उघड्या अंगाची माणसं भेटली तर

स्नेहल,

तुझा निरोप सावकाश वाचला. अनिकेतला जर्मनीतल्या हाले शहरात नोकरी लागली, सप्टेंबरात तुम्ही तिघं येताय आणि पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई तीन महिने येणार. दर जुलैतली पन्हाळा ते पावनखिंड मोहीम आता चुकणार, म्हणून तू जवळचे डोंगर शोधायला घेतलेस आणि कुणीतरी सांगितलं की हार्त्समध्ये लोक नागडे फिरतात. हे खरं का, आठ वर्षांची ईरा बरोबर असताना असं कुणी समोर आलं तर काय करायचं आणि सासूबाईंना काय सांगायचं, एवढं तू विचारलंस.

खरं आहे. हार्त्सच्या आग्नेय बाजूला डांकेरोडं नावाचं लहानसं गाव आहे. तिथून विप्पर नदीच्या धरणाकडे जाणारी सुमारे १८ किलोमीटरची वाट २०१० पासून खास नग्न चालणाऱ्यांसाठी आखलेली आहे. वाटेच्या तोंडाशीच पाटी आहे, तिचा अर्थ असा की नागडी माणसं बघायची नसतील तर इथून पुढे जाऊ नका. कपडे घातलेल्यांना तिथे बंदी नाही, पण पाटी वाचून पुढे गेल्यावर तक्रारीला जागा उरत नाही. तुम्हाला नको असेल तर ती एक वाट सोडा, बाकी हार्त्स भरपूर मोठा आहे. ब्रोकेन या हार्त्सच्या सगळ्यात उंच शिखरावर तर वाफेच्या इंजिनाची गाडी वरपर्यंत जाते, तिथे एवढी गर्दी असते की असं कुणी दिसण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र आडबाजूच्या साध्या वाटांवर, मे ते सप्टेंबरातल्या उन्हाच्या दिवशी, एखादं जोडपं किंवा चार-पाच जणांचा गट भेटू शकतो. इतकी वर्षं मी इथे चालते आहे, मला मोजक्याच वेळा भेटलेत.

त्याआधी तुला हे दुसरीकडेच दिसेल, ते सांगून ठेवते. पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातलं कुणीतरी सौनाला, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीत बसायला, बोलावेल. तिथे बाया-पुरुष एकत्र आणि पोहण्याचे कपडेसुद्धा चालत नाहीत, फक्त अंगाखाली घ्यायला टॉवेल. नको असेल तर सरळ नाही म्हण, कुणी मनाला लावून घेत नाही. उन्हाळ्यात तळ्यांच्या काठाला एफकेके अशी पाटी दिसली की तो भाग बिनकपड्यांच्या लोकांचा. ही इथली जुनी रीत आहे. १८९८ मध्ये एसेन शहरात अशा लोकांची पहिली संघटना निघाली. आपण राहतो तो भाग पूर्वीचा पूर्व जर्मनी. तिथल्या सरकारने १९५० च्या दशकात बाल्टिकच्या किनाऱ्यावर हे थांबवायचा प्रयत्न केला, पण लोकांनी ऐकलं नाही आणि सरकारलाच माघार घ्यावी लागली. त्यामुळे आजही शेजारच्या सत्तरीतल्या आजीबाई अगदी सहज सांगतील की लहानपणी सगळं घर असंच पोहायला जायचं.

आता कायद्याचं. नुसतं नग्न असणं हा जर्मनीत फौजदारी गुन्हा नाही. लोकांना उपद्रव होईल असं असभ्य वागणं यासाठी किरकोळ दंडाचं एक कलम आहे, ११८ वं, आणि त्याखाली ५ ते १,००० युरो दंड होऊ शकतो. रानातल्या शांत वाटेवर चालणाऱ्याला सहसा कुणी ते लावत नाही, बाजारपेठेत तसाच फिरला तर लावतील. पण लैंगिक हेतूने समोरच्याला अंग दाखवणं हा गुन्हाच आहे, दंडसंहितेचं १८३ वं कलम, एक वर्षापर्यंत कैद.

हा फरक वाटेवर ओळखायचा कसा, हे तुला माहीत असायलाच हवं. चालणारा माणूस चालत असतो. पायात बूट, पाठीवर सॅक, पाण्याची बाटली, डोक्यावर टोपी, आणि त्याला कुठेतरी पोचायचं असतं. बऱ्याच जणांच्या हाताशी पंचासारखं एखादं कापड असतं. लहान मूल किंवा एकटी बाई समोरून येताना दिसली की ते कमरेला गुंडाळतात, नाहीतर वाटेच्या कडेला होतात. दुरूनच हात वर करतात, आधी स्वतः 'हालो' म्हणतात आणि न रेंगाळता पुढे जातात. ज्याचा हेतू वाईट आहे तो चालत नसतो, तो थांबलेला असतो. त्याला तुझा चेहरा बघायचा असतो, तू दचकतेस का ते बघायचं असतं. असं कुणी आढळलं तर एक शब्द न बोलता माणसं असतील त्या दिशेने वळ आणि ११० ला फोन कर. हे कुणाला कळवायला लाजायचं नाही, पोलीस ते गांभीर्याने घेतात.

नेहमीच्या चालणाऱ्यांशी वागायचं कसं? जसं पावनखिंडीच्या वाटेवर समोरून येणाऱ्या गटाला आपण 'जय शिवराय' म्हणून पुढे जातो, तसंच. चेहऱ्याकडे बघायचं, हालो म्हणायचं, वाट अरुंद असेल तर आधी कोण जाणार ते खुणेने ठरवायचं. मान फिरवून झाडाकडे बघत राहिलीस तर त्या माणसाला अपराध्यासारखं होतं. थांबून विचारपूस करायची गरज नाही, पण पुढच्या फाट्याबद्दल विचारायचं असेल तर खुशाल विचार.

माझे बाबा आले होते तेव्हा झेल्के नदीच्या खोऱ्यात एक साठीतलं जोडपं असं समोर आलं. मी बाबांना आधी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे माझाच जीव वर-खाली झाला. बाबा थबकले, वाटेच्या कडेला झाले, त्या गृहस्थांनी हालो म्हटल्यावर हालो म्हणाले. दहा-पंधरा पावलं पुढे गेल्यावर बाबा म्हणाले, "तो माणूस आपल्यापेक्षा जास्त घाबरला होता गं." माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. नंतर मीही बघायला लागले, आणि खरंच तसं आहे. अंगावर कपडे नसलेला माणूस समोरून येणाऱ्याचा चेहरा लांबूनच वाचत असतो. हे ओरडतील का, फोन काढतील का, मला काय समजतील. आपण नेहमीसारखं बोललो की त्याचे खांदे सैल पडलेले दिसतात. परक्या देशात नव्याने आलेल्या आपल्या माणसांना ही धास्ती चांगली ठाऊक असते.

फोनवरून आठवलं. फोटो नाही. गंमत म्हणून नाही, पाठमोरा नाही, लांबून नाही, कोल्हापूरच्या घरच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. इथे माणसाच्या प्रतिमेवर त्याचा स्वतःचा हक्क असतो, परवानगीशिवाय ती पसरवणं बेकायदा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याने आपल्यावर विश्वास ठेवून वाट दिली त्याच्याशी असं वागायचं नाही.

ईराला इथे येण्याआधीच सांग, वाटेवर प्रसंग आल्यावर नको. काही लोकांना रानात कपड्यांशिवाय चालायला आवडतं, आपण तसं करत नाही, भेटले तर हालो म्हणायचं. मुलं एवढ्यावर समाधानी होतात. मात्र त्याच बोलण्यात दुसरंही पक्कं सांग: कुणी, कुठेही, कपडे घातलेला असो वा नसो, तिला जवळ बोलावलं, काही दाखवायला किंवा हात लावायला लागलं, गुपित ठेव म्हणालं, तर लगेच आईबाबांना सांगायचं. पहिलं समजावताना दुसरं पुसट होता कामा नये.

सासूबाईंबद्दल मला जरा जास्त वाटतं. आपण कोल्हापूरची माणसं उघड्या शरीराला अगदीच अनोळखी नाही. कुंभोजच्या बाहुबलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिगंबर मुनींचा विहार तू पाहिला असशील. हातात पिंछी-कमंडलू, अंगावर सूतही नाही, आणि सोबत बायका, शाळेची पोरं, म्हातारी माणसं चालताहेत. कुणी टक लावून बघत नाही. त्यामुळे आपल्या नजरेला ही सवय करून घेणं वाटतं तितकं जड जात नाही. पण सासूबाईंना पटवताना हे उदाहरण देऊ नकोस. मुनींचं ते व्रत आहे, अपरिग्रहाचं, जन्मभराचं. इथला माणूस रविवारी अंगाला ऊन-वारा लागावा म्हणून कपडे काढतो आणि संध्याकाळी घालतो. दोन्ही एका पारड्यात टाकलं तर श्रद्धा असलेलं माणूस दुखावेल, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

त्यांना साधं सांग, की इथे असं कधीतरी दिसतं, ते तुमच्या दिशेने केलेलं नसतं, आणि तुम्हाला नको असेल तर आपण वर्दळीच्या वाटेनेच जाऊ. नको म्हणाल्या तर मागासलेपणा समजू नकोस. स्वित्झर्लंडच्या आपेनत्सेल इनरऱ्होडन प्रांतातल्या लोकांनी २००९ मध्ये भर चौकातल्या सभेत हात वर करून नग्न चालण्यावर बंदी घातली. शेजारच्या प्रांतात लहान मुलं असलेल्या कुटुंबासमोरून तसा गेलेल्या माणसाचा १०० फ्रँकचा दंड स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केला. ब्रिटनमध्ये स्टीफन गॉफ नावाचा माणूस २००३-०४ मध्ये देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असाच चालला, पुढे याच हट्टापायी त्याने कित्येक वर्षं तुरुंगात काढली आणि २०१४ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयातही हरला. म्हणजे युरोपातसुद्धा याबाबत एकमत नाही. सुट्टीत दुसऱ्या देशात डोंगर चढायला गेलात तर इथला अंदाज तिथे लावू नका.

अनिकेतने अर्ध्या वाक्यात विचारलंय की आपणही कधी करून बघावं का. ते तुमचं तुम्ही ठरवा. करायचंच झालं तर त्या डांकेरोडंच्या वाटेवरच करा, टॉवेल आणि झटकन गुंडाळता येईल असं कापड जवळ ठेवा, आणि घरी आल्यावर गोचिडी चावल्यात का ते अंगभर तपासा. ते तर कपडे घालून चाललात तरी करायचंच आहे, इथल्या गोचिडीमुळे बोरेलिओसिस नावाचा आजार होतो.

तुम्ही याल तोवर उन्हाळा सरत आलेला असेल, त्यामुळे पहिले सहा-सात महिने हा विषय वाटेवर येणारच नाही. ऑक्टोबरात हाल्बरश्टाटला गाडी बदलून तालेला जा आणि बोडं नदीच्या काठाने ट्रेझेबुर्गपर्यंत चाला, साधारण दहा किलोमीटर आहे. ईराला जमेल. पावसाळी जॅकेट तिकडून आणू नका, इथे येऊन घ्या.