मुलीचं करिअर की मुलाचं औषध?

सोलापूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. अक्कलकोट रोडला त्यांचा चादरींचा छोटा कारखाना आहे. मुलीला नीटच्या दुसऱ्या प्रयत्नात ७२० पैकी ४३८ मार्क पडले. धाकटा मुलगा ११ वर्षांचा, त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी होत जाणारा जनुकीय आजार आहे. ते लिहितात : 'हिला स्टेम सेलची डॉक्टर करायचं आहे, म्हणजे त्याचं काहीतरी होईल. तिसऱ्यांदा नीटला बसवू, की साडेतीन लाखांचा १ वर्षाचा स्टेम सेल डिप्लोमा करू? तोवर एका क्लिनिकने ४ इंजेक्शनं सांगितली आहेत, ६ लाखांत. दोन माग विकायचा विचार आहे.'

नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मार्कांपाशी मी थांबलो नाही. थांबलो ते दुसऱ्या पानावर : 'पहाटे ५ ला उठून ती भावाच्या पायांचे व्यायाम घेते, मग क्लासला जाते, पण अभ्यासात मन नाही.' अहो, मन नाही म्हणजे काय? फिजिक्सचा एक प्रश्न चुकला की इतर मुलांचे मार्क जातात. तुमच्या मुलीला वाटतं, भावाचे पाय गेले. एवढं ओझं घेऊन तिने ४३८ काढले. तीन पानांच्या पत्रात तिला काय आवडतं, याची मात्र एक ओळ नाही.

आणि हिशेब तरी करून बघा. यंदा प्रवेश मिळाला असता तरी एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी ३, डीएम ३. तोवर धाकटा बावीस-तेवीस वर्षांचा होईल. बहिणीने त्याच्या आजाराशी अशी शर्यत लावायची, हे ठरवलं कुणी? 'स्टेम सेलची डॉक्टर' अशी एमबीबीएसनंतरची शाखाही नाही. स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी वापरून अस्थिमज्जा प्रत्यारोपण करतात ते मुख्यतः रक्तविकारतज्ज्ञ. त्या १ वर्षाच्या डिप्लोमाने ना ती रुग्णाला हात लावू शकेल, ना प्रयोगशाळेत तिला कुणी उभं करेल. साडेतीन लाख वाचवा.

आता ती इंजेक्शनं. मूलपेशी शरीरात सोडली की जिथे जे कमी आहे ते ती आपोआप बनवते, असं तुम्हाला सांगितलं गेलंय. तुमच्याच कारखान्यातलं बोलतो. चादरीवर मोर उमटतो तो सुतामुळे नाही, मागावर नक्षी ठरवणाऱ्या जेकार्डच्या कार्डांवर कुठे भोक आहे त्यावरून. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत कार्डांचा, म्हणजे जनुकांचा, तोच पूर्ण संच असतो. गर्भ वाढताना पेशी वेगळ्या होत जातात, तेव्हा काही कार्डं चालू राहतात, बाकीची बांधून ठेवली जातात. म्हणून एकाच संचातून कुठे स्नायू होतो, कुठे रक्त. अस्थिमज्जेतल्या रक्त घडवणाऱ्या मूलपेशीची चालू कार्डं रक्ताची. दंडात टोचली म्हणून ती स्नायू विणायला बसत नाही. त्याहून मोठी गोम पुढे आहे. ड्युशेनमध्ये डिस्ट्रोफिन या प्रथिनाचं कार्डच बिघडलेलं असतं, आणि ते मुलाच्या प्रत्येक पेशीत तसंच असतं. त्याच्याच कमरेतून मज्जा काढून त्यालाच टोचणार असतील, तर चुकीचं भोक पडलेलं कार्ड दुसऱ्या मागावर चढवण्यासारखं आहे. मोराची मान तिथेच तुटणार.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर मूलपेशींचे बाकी उपचार अजून संशोधनातच मोडतात. संशोधन असेल तर ते सरकारी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदवलेलं असतं आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. क्लिनिकला नोंदणी क्रमांक मागा. माग विकू नका. तो पैसा न्यूरोलॉजिस्ट सांगतील त्या औषधांना, व्यायामाला, हृदय-फुप्फुसांच्या तपासणीला लागणार आहे. शिवाय मुलाचा जनुकीय रिपोर्ट घेऊन पत्नीला आणि मुलीला जेनेटिक कौन्सेलिंगला न्या. हा दोष बऱ्याचदा आईकडून येतो आणि बहीणही त्याची वाहक असू शकते. मात्र यावरून घरात कुणी कुणाला बोल लावायचा नाही. कितीतरी मुलांमध्ये तो नव्यानेच उद्भवतो.

तिला पेशींचं खरंच वेड असेल तर आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षा आहे (बारावी कोणत्या वर्षीची चालते ती अट आधी वाचा), नाहीतर सोलापुरातच बीएस्सी, मग गॅट-बी या जैवतंत्रज्ञानाच्या प्रवेश परीक्षेतून एमएस्सी, पुढे पीएचडी. पुण्याची एनसीसीएस ही संशोधन संस्था पेशीविज्ञानाचंच काम करते. जपानचे शिन्या यामानाका आधी हाडांचे सर्जन होते. ऑपरेशनला फार वेळ लावायचे म्हणून सोबतचे चेष्टा करायचे. ते प्रयोगशाळेत गेले, आणि २००६ मध्ये उंदराच्या त्वचेच्या पेशीत फक्त ४ जनुकं घालून त्यांनी ती बांधलेली कार्डं पुन्हा सोडवली, म्हणजे ती पेशी पुन्हा मूलपेशीसारखी केली. २०१२ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आज ड्युशेनच्या मुलांच्या पेशींपासून अशाच रीतीने प्रयोगशाळेतल्या बशीत स्नायू वाढवून त्यावर औषधं तपासतात. हे काम सुंदर आहे, पण संथ. घरातल्या मुलासाठी तारीख ठरवून ते होत नाही.

फिजिओथेरपी सुचवायचा मोह मलाही झाला, ती रोज तेच करते म्हणून. मग वाटलं, मीही तुमच्यासारखंच करतोय. ती कॉमर्सला जाते म्हणाली तरी चालेल.

पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा. आणि उद्यापासून महिनाभर पहाटेचे व्यायाम तुम्ही घ्या. काही अडलं तर तिला विचारा, तिला सगळे येतात.