गुडघे दुखतात, पण आईला शिखरावर जायचंय

प्रश्न : आई ७१ वर्षांची आहे. पूर्वी दरवर्षी गावच्या पोह्यासोबत, म्हणजे यात्रेकरूंच्या जथ्यासोबत, पचमढीच्या महादेवाला जायची, तिथला चौरागड चढायची. आता गुडघे चालत नाहीत. "एकदा उंचावर ने रे बाबू," म्हणते. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच म्हणून कळसूबाईला न्यावं का?
– एक वाचक, वरुड तालुका

उत्तर : भाऊ, कळसूबाईला नेऊ नका. ते १६४६ मीटरचं शिखर पायीच चढावं लागतं, वाटेत लोखंडी शिड्या आहेत. दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं.

आईच्या ओळखीच्या डोंगरातच दुसरं शिखर आहे. पचमढीचं धूपगड, १३५२ मीटर, मध्य प्रदेशातलं सर्वांत उंच ठिकाण. रस्ता थेट वर जातो. आणि परमुलूख तरी कसा म्हणायचा? १९५६ पर्यंत आपला विदर्भ मध्य प्रदेशातच होता, राजधानी नागपूर.

मी भूगोलाचा मास्तर. कळसूबाई नि धूपगडची उंची पोरांकडून वर्षानुवर्षं पाठ करून घेतली, पण धूपगड पाहिलं ते माझ्या आईला घेऊन गेलो तेव्हाच. वर पोचताच तिनं चपला काढल्या. तिच्या लेखी तो अख्खा डोंगर महादेवाचा. पायाखालचा दगड बघून म्हणाली, "हा आपल्यावानी काळा नाही." बरोबर होतं तिचं. आपल्याकडे काळा बसाल्ट, तिथं वाळूचा खडक. इतक्या वर्षांत मी वर्गात दगड दाखवला नव्हता, त्याची त्या दिवशी फार रुखरुख लागली.

वरुडहून पांढुर्णा, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली असं जा. तामियाचा घाट वळणाचा आहे, आईला पुढच्या सीटवर बसवा. पचमढीत मुक्काम करा. धूपगडला वन खात्याचा परवाना आणि तिथली जिप्सी गाडी लागते. सूर्योदय, सूर्यास्त दोन्ही वरून दिसतात, पण म्हाताऱ्या माणसाला पहाटेच्या थंडीत उठवू नका, संध्याकाळीच न्या. गाडीतून उतरल्यावर थोडं चालणं आहे, काठी सोबत असू द्या. महाशिवरात्र आणि नागपंचमीची गर्दी टाळा.

एक गोष्ट मात्र चुकवू नका. वर जाण्याआधी प्रियदर्शिनी पॉइंटवर जा. तिथून चौरागड, महादेव आणि धूपगड, तिन्ही डोंगर एका नजरेत दिसतात. चौरागडाकडे बोट दाखवून माझी आई किती वेळ बोलत होती! कुठल्या पायरीवर दम लागायचा, कुणाच्या खांद्यावर त्रिशूळ असायचा, डफडं कोण वाजवायचं. यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. जिप्सीवाला घाई करील. त्याला आधीच सांगून ठेवा, इथं अर्धा तास लागेल.