एक्झिक्युटिव्ह ऑर्डर : अध्यादेश, वटहुकूम की फर्मान?

प्रश्न असा आला आहे : अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एक्झिक्युटिव्ह ऑर्डरवर सही केली की मराठीत कुणी 'अध्यादेश' लिहितं, कुणी 'वटहुकूम', कुणी 'फर्मान'. बरोबर शब्द कोणता?

'कार्यकारी आदेश'. अध्यादेश आणि वटहुकूम इथे चुकीचे आहेत, आणि ही चूक किरकोळ नाही. आपल्याकडे केंद्राच्या अध्यादेशामागे राज्यघटनेचं कलम १२३ आहे. संसदेचं अधिवेशन चालू नसताना राष्ट्रपती तो काढतात, त्याला कायद्याचंच बळ असतं आणि अधिवेशन पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो संपतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला असा कायदा करताच येत नाही. त्याचा आदेश मुख्यतः सरकारी खात्यांना असतो आणि त्याला राज्यघटनेचा किंवा काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, केलेल्या कायद्याचा आधार लागतो. नात्याने तो आपल्या जीआरच्या जवळचा. 'अध्यादेश' लिहिलं की तिथे ज्या अधिकारावरून भांडण चालू आहे, तो आपण मराठीतून देऊनच टाकतो.

'फर्मान'ची गोष्ट वेगळी. हा फारसी शब्द, बादशहाच्या हुकमाचा. तो वापरला की बाजू घेतलीच. आवडत्या नेत्याचा तो 'धाडसी निर्णय' आणि नावडत्याचं ते 'फर्मान', हे मला फार खटकतं.

अमेरिकेतही हेच होतं. २०१४मध्ये ओबामांनी कागदपत्रं नसलेल्या लाखो स्थलांतरितांना संरक्षण देऊ केलं, तेव्हा काँग्रेसचा अधिकार बळकावला म्हणून रिपब्लिकन संतापले. डेमोक्रॅट म्हणाले, कारवाई आधी कुणावर करायची हे ठरवण्याची मुभा खात्याला असतेच. २०१९मध्ये काँग्रेसने नाकारलेला पैसा मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी वळवायला ट्रम्प यांनी आणीबाणी जाहीर केली आणि दोन्ही बाजूंनी युक्तिवादांची अदलाबदल केली. सिनेटमधले बारा रिपब्लिकन मात्र आणीबाणीच्या विरोधात मत देऊन गेले, हेही सांगायला हवं.

शब्द आणि पक्ष वेगळे ठेवता येतात, याचं माझं आवडतं उदाहरण १९५२चं. कोरियन युद्ध चालू होतं, संप तोंडावर होता आणि डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी कार्यकारी आदेशाने पोलाद कारखाने ताब्यात घेतले. तेव्हा सर्वोच्च न्यायालयातले नऊही न्यायाधीश ट्रूमन यांच्याच पक्षाचे आधीचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट किंवा खुद्द ट्रूमन यांनी नेमलेले होते. तरी निकाल सहा विरुद्ध तीन असा ट्रूमन यांच्या विरोधात गेला. त्या सहांत दोघे ट्रूमन यांनीच नेमलेले होते.