व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटच्या काळातले अनवट युरोपीय सिनेमे आज पाहायचे तर सुरुवात कुठून करावी?

सिनेमांच्या याद्या गोळा करण्याआधी आवृत्तीची चौकशी करा. त्या काळी कॅसेटवर जे मिळायचं, तो बऱ्याचदा दिग्दर्शकाचा सिनेमा नसायचाच.

पोलिश दिग्दर्शक आंद्झेय झुवाव्स्की यांचा १९८१ सालचा ‘पझेशन’ घ्या. पश्चिम बर्लिनमध्ये, शहराचे दोन भाग करणाऱ्या भिंतीच्या अगदी लगत चित्रित केलेला. एक संसार मोडतोय आणि घराच्या खिडकीतून ती भिंत दिसतेय. इझाबेल अजानीला कान महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार मिळाला, तरी अमेरिकेत त्याची सुमारे चाळीस मिनिटं कापली, प्रसंगांचा क्रम बदलला आणि राक्षसाचा भयपट म्हणून तो विकला. कापलं काय, तर नेमकं नवरा-बायकोचं नातं! १२४ मिनिटांची आवृत्तीच पाहा. त्यातला भुयारी मार्गातला प्रसंग मी कितीही वेळा पाहिला तरी अंगावर येतो. बाजाराची पिशवी घेऊन चाललेली बाई आधी हसते, मग भिंतीवर स्वतःला आपटू लागते. पिशवी फुटते, दूध सांडतं. संवाद एकही नाही, आणि कॅमेरा तिला सोडत नाही. पडद्यावर इतकं उघडं दुःख मी क्वचित पाहिलंय.

इटालियन दिग्दर्शक मारिओ बाव्हा यांच्या ‘लिसा अँड द डेव्हिल’चे हाल तर आणखी वाईट. १९७३ साली कानमध्ये दाखवला, पण घ्यायला कोणी पुढे येईना. ‘द एक्झॉर्सिस्ट’ हा भूतबाधेवरचा सिनेमा गाजल्यावर निर्मात्याने झपाटल्याचे नवे प्रसंग त्यात घुसवले आणि ‘हाउस ऑफ एक्झॉर्सिझम’ या नावाने तो बाजारात आणला. त्या हळुवार, स्वप्नासारख्या सिनेमाची पार वाट लागली. आता मूळ रूप ब्लू-रेवर मिळतं.

आणखी एक. रुंद पडद्याचा सिनेमा जुन्या टीव्हीच्या चौकटीत बसवताना चित्राचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग कडेने छाटला जायचा. बोलणाऱ्या दोघांपैकी एक जण गायबच! त्यामुळे लांबीइतकीच चौकटही तपासा. मात्र पॅल या टीव्ही-पद्धतीच्या कॅसेटवर (आपल्याकडेही पॅलच होतं) सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रं (फ्रेम) धावायची, म्हणून १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपायचा. तेवढा फरक दिसला तर कात्री लागली असं समजू नका.

पहिला ‘लिसा’च पाहा, मूळ रूपातला. ‘पझेशन’साठी मन थाऱ्यावर असलेला दिवस निवडा.