गांजावरची बंदी उठवली तर फायदा होईल का?

भाऊ, मी नंदुरबारकडचा, बंदी कशी चालते ते जवळून बघतो. नवापूर स्टेशनवर एक बाकडं आहे, अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये, म्हणजे एका टोकाला दारू चालते आन दुसऱ्या टोकाला 1960 पासून दारूबंदी, तरी तिकडचे काय ताक पिऊन बसलेत का, बॉर्डरवर दारूच्या गाड्या पकडल्याची बातमी पेपरात असतेच. गांजाचं पण तेच. शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला कपाशी-तुरीत लपवून लावतात, पोलीस उपटतात, पुढच्या हंगामात परत उभा. गंमत म्हणजे 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, नुसती पानं त्यात मोडत नाहीत, म्हणून भांग सुटली!

पण सगळं दुकानात ठेवा असं मी नाही म्हणणार. पोर्तुगालने 2001 मध्ये विक्री गुन्हाच ठेवली, फक्त स्वतःपुरता दहा दिवसांचा माल सापडला तर जेल नाही, गरज असेल तर उपचाराला पाठवतात, मला हे पटतं. आपल्याकडे किलोच्या आत गांजा सापडला तरी वर्षभरापर्यंत जेल होऊ शकते, आन सापडतो कोण तर सालदार नाहीतर मोटरसायकलवरचा पोरगा, पैसा लावणारा शेठ घरी झोपलेला असतो.