सपुष्प वनस्पतीच्या भ्रूणात मूळ कुठे आणि खोड कुठे, हे कसे ठरते?

मुख्यतः ऑक्सिन हे संप्रेरक पेशींमधून कोणत्या दिशेने वाहते यावर ते ठरते, आणि ही दिशा जनुकांच्या ताब्यात असते. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिसमध्ये युग्मनजाचे (फलनानंतर तयार होणाऱ्या पहिल्या पेशीचे) पहिले विभाजन असमान होते. खालच्या मोठ्या पेशीच्या वरच्या कडेला असलेले पिन-७ हे वाहक प्रथिन ऑक्सिन वरच्या लहान पेशीत पोहोचवते आणि तिच्यापासून जवळजवळ सगळा भ्रूण घडतो. पुढे भ्रूण साधारण ३२ पेशींचा गोळा झाला की हा प्रवाह चक्क उलटतो, ऑक्सिन तळाशी साठते आणि तिथे मुळाची घडण सुरू होते (२००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे दाखवले गेले). ऑक्सिनला पेशींचा प्रतिसाद घडवणारे मोनोप्टेरॉस हे जनुक निकामी असलेल्या रोपाला तर बीजातून येताना मूळच नसते. मात्र विभाजनांचा इतका काटेकोर क्रम सर्वत्र आढळत नाही; मक्याच्या भ्रूणात तो बराच अनियमित असतो.